रापणीच्या वहीची मागची बाजू

वही पुढून उघडली तर
तारली चौदा टोपल्या, बांगडा सहा,
कुणाचा वाटा, कुणाची उचल,
सोनू केळुसकराकडे बर्फाचे तीनशे बाकी.

मागून उघडली तर
भारत.
सामने तीन. जिंकले शून्य.
घातलेले गोल चार, खाल्लेले एकोणीस.

रकाने मीच आखले, फुटपट्टी लावून,
कारण जयहरी कोचरेकर आमच्या रापणीतला,
दोराच्या डाव्या अंगाला सहावा,
आणि त्या संघाचा गोलकीपर.

बरोबरीचाही रकाना आखला होता, तो खोडला.
जयहरी फोनवर म्हणाला, या खेळात बरोबरी नसते.
बारा बारा मिनिटांचे तीन डाव,
त्यात नाही सुटलं तर आणखी तीन मिनिटं,
तरी नाही तर पेनल्टी.
कुणीतरी हरल्याशिवाय
कुणाला आंघोळीला सोडत नाहीत.

पहिला सामना आम्ही तळाशीलच्या किनाऱ्यावर पाहिला,
फोन बर्फाच्या पेटीला टेकवून, बावीस माणसं.
चित्र अडकायचं.
आणि दर वेळी सुटायचं तेव्हा
जयहरी जाळ्यातून चेंडू काढत असायचा.
लवू तांडेल चष्मा पुसत म्हणाला,
"जाळ्यात गावला ता आपला.
हयसर जाळ्यात गावला काय दुसऱ्याचा.
असलो कसलो खेळ?"
एक विरुद्ध सात.

दुसरा ज्यांच्याशी होता
त्यांच्या देशाला समुद्रच नाही.
पोरांच्या भूगोलात बोट फिरवून बघितलं,
चारी बाजूंनी शेजाऱ्यांचीच जमीन.
ट्रकनं वाळू आणतात म्हणे, चाळतात,
छपराखाली पसरतात, थंडीत तापवतातसुद्धा.
आमच्याकडे इकडे समुद्र, तिकडे खाडी,
मधे जी काही आहे ती वाळूच,
भाकरीत येते, अंथरुणात येते,
बाळाच्या कानामागे सापडते.
नऊ गोल.
त्या रात्री फोन लवकर बंद केला,
बॅटरी होती तरी.

तिसरा मी एकट्यानं पाहिला.
तीनावर तीन.
जयहरीनं दोन पेनल्ट्या अडवल्या,
एक छातीनं, एक नुसत्या टाचेनं,
दोर ओढताना रोवतो ना, त्याच टाचेनं.
शेवटची हाताला लागून गेली.
लागली होती. मी मागे नेऊन चार वेळा पाहिलं.
वहीत "हरले" लिहिलं, आणि पेन
खोडलेल्या रकान्यावर थोडा वेळ तसाच राहिला.

सोमवारी दुपारच्या एसटीनं आला.
अंगात निळं जाकीट, पाठीवर देशाचं नाव,
पायांत कोरे बूट.
अनवाणी खेळणाऱ्या संघाला बूट दिले होते,
विमानापुरते.
होडीशी बसलेल्यांनी विचारलंच,
"काय रे, कितक्यान?"
तो म्हणाला, "कुठल्या दिवसाचा सांगू?"
आणि हसला, पण बूट काढून हातात घेतले आधी.

पहाटे दोराला होता. डावीकडे सहावा.
ओढता ओढता शेजारच्या पोराला सांगत होता,
वाळूत चेंडू घरंगळत नाही रे,
वाट बघशील तर तिथंच बसतो,
आधी उचलायचा, मग मारायचा.
पोरगा म्हणाला, दोर ओढ.

संध्याकाळी वाटे पडले.
मी म्हटलं, जयहरीचे अकरा दिवस खाडे.
लवू तांडेलानं वर न बघता
एक टोपली पायानं त्याच्याकडे सरकवली.
"अकरा दिसांचो वाटो लाव तेचो.
तो थय ओढूकच गेल्लो."

आता हे लिहू कशाखाली?
तारलीत बसेना, बांगड्यात बसेना.
उचलही नव्हती, उधारीही नव्हती.
अंधार पडायला लागला होता,
डास चावत होते.
वही उलटी केली.
जिंकलेच्या शून्याखाली
बरीच जागा होती.